आठशे मोठं की पंधराशे? एका फिरत्या चषकाच्या हिशोबाच्या नोंदी

९ नोव्हेंबर, रविवार

नेरूळच्या आमच्या मैदानावर सकाळी पळणाऱ्यांचा एक गट आहे. शाळा-कॉलेजातली मुलं-मुली, घणसोली-ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने येणारी पोलीस भरतीची पोरं आणि आमच्यासारखे काही चाळिशी ओलांडलेले. यंदा एका सभासदाने वडिलांच्या नावाने फिरता चषक दिला आहे. अट एका ओळीची : मध्यम पल्ल्यातल्या सर्वोत्तम कामगिरीला. शर्यती मात्र तीन, ८००, १५०० आणि ३००० मीटर. तिन्हींतले पहिले आलेले शेजारी उभे केले तर त्यातला सर्वोत्तम कोण, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण गटात शीटमध्ये सूत्रं लिहिणारा मीच.

आमच्या प्रशिक्षक सरांचं म्हणणं, "त्यात काय ठरवायचं? पळताना बघितलं की कळतं." कळत असेलही. पण सर स्वतः आठशे पळायचे आणि त्यांच्या नजरेला आठशेवालाच आधी भरतो, हे सगळ्या मैदानाला ठाऊक आहे.

शर्यती २८ डिसेंबर आणि ११ जानेवारीला. १८ तारखेला मुंबई मॅरेथॉन आहे, त्या रविवारी इथे मदतीला कुणी सापडणार नाही. इतर कुठल्या गटाला असंच काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय.

१६ नोव्हेंबर, रविवार

पद्धती तपासायला गेल्या हंगामातल्या तीन वेळा घेतल्या. तिघेही मुलगे, तिघेही आपापल्या शर्यतीत पहिले :

८०० मीटर : २:०४.९
१५०० मीटर : ४:१८.६
३००० मीटर : ९:२१.५

सगळ्यांना आधी सुचणारी पद्धत म्हणजे जागतिक विक्रमाच्या किती टक्के मागे. पुरुषांचे विक्रम याच क्रमाने : रुडिशाचे १:४०.९१ (लंडन, २०१२), एल गरूजचे ३:२६.०० (रोम, १९९८), याकोब इंगेब्रिग्टसनचे ७:१७.५५ (पोलंड, २०२४). आमचे तिघे अनुक्रमे २३.८, २५.५ आणि २८.३ टक्के मागे. म्हणजे चषक आठशेला. सर खूश.

पण ही पट्टी दर शर्यतीला वेगळ्या मापाची आहे. महिलांच्या ८०० चा विक्रम क्रातोख्विलोव्हाचा, १:५३.२८, तो १९८३ पासून हललेला नाही. १५०० चा किप्येगॉनचा ३:४८.६८ हा २०२५ चा आहे. पुरुषांच्या ३००० मध्ये डॅनियल कोमेनचे ७:२०.६७ हे १९९६ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत टिकले. तो विक्रम मोडला त्या दिवशी आमचा तीन हजारवाला नेरूळमध्ये गाढ झोपलेला असताना २७.४ टक्क्यांवरून २८.३ टक्क्यांवर घसरला. असल्या पट्टीवर चषक द्यायचा तर पोलंडमधल्या शर्यतींवरही लक्ष ठेवावं लागेल.

दुसरी पद्धत सरांची, तोंडी चालत आलेली : अंतर दुप्पट झालं की ४०० च्या लॅपमागे चार सेकंद वाढवायचे. ब्रिटिश कोच फ्रँक हॉरविल यांचा हा नियम. जागतिक विक्रमांवर तो छान बसतो. लॅपमागे सरासरी ८०० ला ५०.५, १५०० ला ५४.९, ३००० ला ५८.३ सेकंद. आमच्या पोरांचे आकडे ६२.५, ६९.० आणि ७४.९. फरक चारचा नाही, सहाचा. नियम वरच्या पायरीवरच्या धावपटूंचा आहे, आमच्या पायरीवर तो पुन्हा आठशेलाच झुकतं माप देतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रात्री पीटर रीगल यांचं, एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायचं सूत्र शीटमध्ये घातलं. मॅरेथॉनवाले हेच वापरतात : अंतराच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घ्यायचा आणि माहीत असलेल्या वेळेला त्याने गुणायचं. २:०४.९ वरून १५०० ची वेळ निघाली ४:०३.२.

सकाळी आठशेवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, मी चार-तीन पळत असतो तर भल्या पहाटे इथे चुना तुडवत बसलो असतो का?"

रीगल यांनी स्वतःच या सूत्राला मर्यादा घातली होती : साधारण साडेतीन मिनिटांपासून २३० मिनिटांपर्यंतच्या शर्यती. दोन मिनिटांची आठशे त्यात येतच नाही, आणि ही ओळ बहुतेक कॅल्क्युलेटरांवर लिहिलेली नसते. पुरुषांच्या विक्रमांवरून मी घात उलटा काढून पाहिला (घात जितका मोठा, तितका अंतर वाढल्यावर वेग जास्त उतरतो). ८०० ते १५०० मध्ये १.१३५, १५०० ते ३००० मध्ये १.०८७, ३००० ते ५००० मध्ये १.०६९. एकच घात मध्यम पल्ल्यात चालूच शकत नाही, तो अंतरागणिक उतरत जातो. दोन रात्री यात गेल्या. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी रीगल थेट सोडून द्यावा.

मात्र अंतरं जवळजवळ असतील तर कुठलाही घात चालतो. भरतीचा एक जण १६०० मीटर ५:०४ मध्ये पळतो. त्याची १५०० ची वेळ १.०६ ने ४:४४ येते आणि १.१५ ने ४:४२. दीड सेकंदासाठी भांडण करण्यात अर्थ नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जुन्या वह्या उघडल्या. एकाच हंगामात ८०० आणि १५०० दोन्ही पळालेली मुलं शोधायची होती. एकाच पायांची दोन अंतरं, म्हणजे खरी कसोटी. मिळाली थोडीच, कारण आमच्याकडे एकदा "हा आठशेवाला" असा शिक्का बसला की सर त्याला दुसरीकडे जाऊ देत नाहीत.

एका मुलाची ८०० २:१० आणि १५०० ४:३२. घात १.१७. एका मुलीची २:३१ आणि ५:१२. घात १.१५. बाकीचेही याच पट्ट्यात. जागतिक विक्रमवीरांपेक्षा आमची पोरं अंतर वाढलं की जास्त ढासळतात. त्यात नवल नाही, बहुतेकांचा आठवड्याचा सराव म्हणजे मैदानाचे फेरे आणि शनिवारी पाम बीच रोडला एक लांब धाव. टक्केवारी, चार सेकंद, रीगल, तिन्ही पद्धती अव्वल धावपटूंचा उतार धरतात आणि म्हणून आमच्याकडे लांबच्या शर्यतीवर अन्याय करतात. हे एकदा लक्षात आल्यावर पुढचा शोध सोपा झाला.

३० नोव्हेंबर, रविवार

वर्ल्ड अॅथलेटिक्सचे गुणतक्ते घेतले. बोझिदार स्पिरिएव्ह यांनी रचलेले, पीडीएफ फुकट मिळते. प्रत्येक शर्यतीच्या प्रत्येक वेळेला गुण दिलेले असतात, पुरुष आणि महिला वेगळे. पानं शेकड्यांनी आहेत आणि मोबाइलवर शोधताना डोळे जातात. म्हणून तक्त्यातल्या काही वेळा घेऊन शीटमध्ये वक्र, म्हणजे वेळेवरून गुण काढणारं सूत्र, बसवला. तक्त्याशी एखाद्या गुणाचा फरक पडतो, आमच्या कामाला पुरेसं आहे. वेळ सेकंदांत :

पुरुष ८०० : ०.१९८ × (१८२ − वेळ)²
पुरुष १५०० : ०.०४०६६ × (३८५ − वेळ)²
पुरुष ३००० : ०.००८१५ × (८४० − वेळ)²
महिला ८०० : ०.०६८८ × (२५० − वेळ)²
महिला १५०० : ०.०१३४ × (५४० − वेळ)²
महिला ३००० : ०.००२५३९ × (१२०० − वेळ)²

कंसातली संख्या म्हणजे जिथे गुण शून्य होतात ती वेळ. आता २:१० / ४:३२ वाल्या मुलाला ८०० चे ५३५ आणि १५०० चे ५१९ मिळतात. मुलीला ६७४ आणि ६९७. कुणाचं आठशे जरा बरं, कुणाचं पंधराशे, पण सगळे एकाच बाजूला कलत नाहीत. मला एवढंच हवं होतं.

गेल्या हंगामातले तिघे : ८०० ला ६४६, १५०० ला ६५०, ३००० ला ६३२. पहिल्यांदाच चषक आठशेकडून सरकला, तोही चार गुणांनी.

चहाच्या टपरीवर लगेच खरी परीक्षा झाली. भरतीची बरीच पोरं बीड-साताऱ्याकडची, त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच : आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे मोठा की जिन्सन जॉन्सन? साबळेचे ३००० मीटर स्टीपलचेसमधले (अडथळ्यांच्या शर्यतीतले) ८:०९.९१ (पॅरिस, २०२४) म्हणजे १२१० च्या आसपास गुण. मोहम्मद अफसलचे ८०० तले १:४४.९३ (पोलंड, २०२५) सुमारे ११७६. जॉन्सनचे १५०० तले ३:३५.२४ (बर्लिन, २०१९) सुमारे ११७२. टक्केवारीने पाहिलं तर साबळे विक्रमाच्या ३.८ टक्के मागे आणि अफसल ४.० टक्के, म्हणजे जवळजवळ बरोबरीत. गुणांत तीसेक गुणांचं अंतर. आठशेत एक टक्का म्हणजे एक सेकंद, आणि वरच्या पातळीवर त्या एका सेकंदात ढीगभर धावपटू दाटीवाटीने बसलेले असतात. तक्ता ती दाटी मोजतो, टक्केवारी मोजत नाही. सरांनी यावर श्रीराम सिंग काढले : माँट्रियल १९७६, अंतिम शर्यतीत शेवटच्या लॅपच्या घंटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे, शेवटी सातवे, १:४५.७७, आणि तो राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत टिकला. त्यावर तक्ता काय बोलणार? टपरी आठशेच्या ताब्यात गेली.

७ डिसेंबर, रविवार

मैदान मोजलं. आमचा ट्रॅक ३०० मीटरचा, फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) आखलेला. ८०-८० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि ७०-७० मीटरची दोन वळणं. वळण ७० मीटर हवं तर त्रिज्या २२.२८ मीटर, आणि आखणाऱ्याने खुंटी ठोकून बरोबर तेवढीच दोरी घेतली होती. इथे दोन गोष्टी चुकतात.

पहिली : धावणारा रेषेवर पळत नाही. कठडा नसलेल्या ट्रॅकवर अंतर आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजायचं असतं. म्हणजे रेषेची त्रिज्या २२.०८ हवी. दुसरी : दोरी नायलॉनची. खुंटीला बांधून ताणली की ती वीतभर लांब होते. स्टीलच्या टेपने पाहिलं तर रेषा कुठे २२.५ वर, कुठे २२.६ वर. धरायच्या त्रिज्येपेक्षा सुमारे ५० सेंटिमीटर जास्त, म्हणजे दर फेरीला तीन मीटरच्या वर. १५०० च्या शर्यतीत पोरं जवळजवळ १५१६ मीटर पळत होती, ३००० मध्ये ३०३० च्या पुढे.

तीन हजारवाल्याला हे कळल्यावर त्याने मनातल्या मनात सहा सेकंद परत घेतले आणि दिवसभर खूश होता.

स्टीलची ५० मीटर टेप विकत घेतली, बाराशे रुपये. भाड्याने मिळते, पण आखणीच्या दिवशी नेमकी कुणाच्या तरी साइटवर असते.

१० डिसेंबर, बुधवार

चुकीच्या ट्रॅकचा चषकावर परिणाम किती, हे रात्री काढलं. पुढच्या सगळ्या कामाचा रोखच त्याने बदलला.

आमच्या पातळीवर एका सेकंदाची किंमत ८०० मध्ये साडेबावीस गुण, १५०० मध्ये सव्वादहा, ३००० मध्ये साडेचार. ट्रॅक आमच्यासारखा एक टक्क्याहून किंचित जास्त लांब असेल तर आठशेवाल्याचे सव्वा सेकंद जातात, पंधराशेवाल्याचे पावणेतीन, तीन हजारवाल्याचे सहाच्या जवळ. गुणांत मांडा : २९, २८, २७. तिघांचंही नुकसान सारखंच! ट्रॅक लांब असल्याने आपल्या वेळा पुण्या-मुंबईच्या सिंथेटिक ट्रॅकवरच्या वेळांशी जुळत नाहीत हे खरं, पण आपल्याच तिघांतला क्रम त्याने बिघडत नाही.

घड्याळाचं तसं नाही. घड्याळाची चूक अंतराच्या प्रमाणात वाढत नाही, ती सेकंदांत ठरलेली असते आणि सगळी आठशेच्या खात्यावर पडते. आमच्या ट्रॅकवर १५०० म्हणजे पूर्ण पाच फेऱ्या आणि ३००० म्हणजे दहा, त्यामुळे दोन्हींची सुरुवात अंतिम रेषेवरच. ८०० मात्र दोन फेऱ्या आणि वर २०० मीटर. तिची सुरुवात पलीकडच्या सरळ बाजूला, अंतिम रेषेपासून हवेतून पन्नासएक मीटरवर. टाइमकीपर शिट्टी ऐकून घड्याळ दाबतो. आवाजाला तेवढं अंतर कापायला ०.१६ सेकंद लागतो, घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं आणि आठशेवाल्याला साडेतीन गुण फुकट मिळतात. गेल्या हंगामात पहिल्या दोघांतलं अंतर चार गुणांचं होतं.

ट्रॅकवर आणखी पैसे घालायचे नाहीत. घड्याळांवर घालायचे.

१४ डिसेंबर, रविवार

नियम छापून सूचना फलकावर लावले. शर्यतीला दोन आठवडे असताना मुद्दाम. आता कुठल्याही मुलाची यंदाची वेळ कुणाला माहीत नाही, त्यामुळे कुणाच्या बाजूने भांडायचं हेही कुणाला माहीत नाही. निकाल लागल्यावर पद्धत निवडायला बसलो असतो तर प्रत्येकाला आपल्या घरातलं अंतर सगळ्यात अवघड वाटलं असतं.

नियम : वर्ल्ड अॅथलेटिक्सचे गुण, दोन रविवारांतली जास्त गुणांची कामगिरी धरायची, वेळ हाताने घेतलेली असेल तर पुढच्या दशांशावर न्यायची, तीन घड्याळं असतील तर मधली वेळ.

दोन रविवार कशासाठी, असा प्रश्न आला. पंधराशेसाठी. आठशेत पोरं जीव खाऊन पळतात. पंधराशेत एकमेकांकडे बघत बसतात आणि शेवटच्या फेरीत सुटतात. रिओ ऑलिंपिक २०१६ मध्ये मॅथ्यू सेंट्रोविट्झने १५०० चं सुवर्ण ३:५०.०० मध्ये जिंकलं. त्याच वर्षी त्याच शहरात पॅरालिम्पिकच्या टी-१३ (अंशतः दृष्टिहीन धावपटूंच्या) गटात अब्देलातिफ बाकाने ३:४८.२९ मध्ये सुवर्ण घेतलं आणि त्या शर्यतीतले पहिले चौघे ३:५० च्या आत होते. सेंट्रोविट्झच्या त्या सुवर्णाला आमच्या शीटमध्ये ९७७ गुण येतात, म्हणजे १:५१.८ च्या आठशेएवढे. डावपेचाची शर्यत तक्त्याला कळत नाही. त्यावर उपाय एवढाच की आणखी एक संधी द्यायची.

भरतीच्या पोरांनी विचारलं, आमच्या भरतीचाच तक्ता का नाही? त्यात पुरुषांच्या १६०० ला २० गुण आणि महिलांच्या ८०० ला २० गुण, दोन अंतरं एका मापात बसवलेलीच आहेत. खरं आहे, पण तो पायऱ्यांचा तक्ता आहे. ५:१० मध्ये आलात तर पूर्ण २०, एक सेकंद उशीर झाला की १८, आणि मग ५:३० पर्यंत १८ च. ४:३५ ला पळणारा आणि ५:१० ला पळणारा तिथे सारखेच. भरतीला ते ठीक आहे, त्यांना शिपाई निवडायचे असतात. चषकाला वक्रच हवा.

मुलींचा प्रश्नही आजच निघाला. महिलांच्या तक्त्यात आमच्या मुलींचे गुण मुलांपेक्षा जास्त येतात. २:३१ ची मुलगी २:०३.७ च्या मुलाच्या बरोबरीला बसते. काही पालकांना ते पटेना. एका मावशींनी विचारलं, "इतकी वर्षं उलटं होतं तेव्हा कुणी कागद मागितला होता?" शेवटी समितीने ठरवलं : चषकावर दोन नावं, सहा महिने तिच्या घरी, सहा महिने त्याच्या.

२८ डिसेंबर, रविवार

पहिला दिवस. रेषा २२.०८ च्या त्रिज्येने, स्टीलच्या टेपने आखली. दव पडल्याने फक्की चिकटली नाही, एका वळणावर दोनदा मारावी लागली आणि अर्धा तास गेला. त्यात शेजारच्या टेनिस बॉल क्रिकेटवाल्यांनी आपलं पिच आमच्या दुसऱ्या वळणापर्यंत आणलं होतं. विनंती केली, हलवलं. भले लोक.

काय बिघडलं :

शिट्टीऐवजी झेंडा ठेवला होता. पण झेंडा लाल आणि मागे पावभाजीच्या गाडीचं लाल छत. अंतिम रेषेवरून तो दिसेचना. ८०० च्या पहिल्या शर्यतीत तीन घड्याळांत ०.४ सेकंदांचा फरक आला, म्हणजे नऊ गुण.

शर्यतींचा क्रम उलटा लावला गेला. ८०० सातला, ३००० साडेनऊला. डिसेंबर असला तरी साडेनऊचं ऊन ऊनच असतं. तीन हजारवाला सातव्या फेरीपासून वाकडा झाला, ९:३१. घात-वक्र सगळं नीट बसवून उन्हाचा हिशोब राहिला.

पंधराशेची भीती खरी ठरली. पहिल्या दोन फेऱ्या वरात होती, ४:३१.

८०० मुलगे २:०५.८, त्यावरही आक्षेप घेता येईल अशी घड्याळं. मुलींच्या ८०० ला २:२९.२, ही बरी मोजली गेली.

४ जानेवारी, रविवार

दुरुस्त्या. काळी-पांढरी पाटी केली : टाळीसारख्या एकमेकींवर आपटणाऱ्या दोन फळ्या, आतून एक काळी आणि एक पांढरी, आपटली की पांढरा रंग झाकला जातो. पलीकडून स्वच्छ दिसतं. खर्च शंभराच्या आत, लाकूड घरचंच होतं.

घड्याळापेक्षा मोबाइल बरा, हे एका कॉलेजच्या मुलीने दाखवलं. अंतिम रेषेवर उभं राहून आधी पाटीकडे कॅमेरा धरायचा, सुरुवात टिपायची आणि रेकॉर्डिंग न थांबवता कॅमेरा रेषेवर वळवायचा. सुरुवात आणि शेवट एकाच चित्रफितीत येतात, मधली वेळ फ्रेम मोजून काढायची. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे आठशेत पाऊण गुण. सरावाला ३००० मध्ये तिच्या मोबाइलची जागा संपली आणि आठव्या फेरीला रेकॉर्डिंग बंद पडलं. तिथे घड्याळंच वापरायची, त्या अंतरावर दशांशाची किंमत अर्धा गुणसुद्धा नाही.

क्रम बदलला : साडेसहाला ३०००, मग १५००, शेवटी ८००. आठशेवाले कुरकुरले. दोन मिनिटं ऊन लागेल, सोसा.

११ जानेवारी, रविवार

सगळं वेळेवर. क्रिकेटवाले आज स्वतःहून पलीकडे गेले आणि त्यातले दोघे फेऱ्या मोजायला उभे राहिले.

मुलगे. ३००० : ९:१९.८, गुण ६४०. १५०० : ४:१६.२, गुण ६७५. ८०० : २:०३.९, गुण ६६८.

मुली. ८०० : २:२७.४, गुण ७२४. १५०० : ५:०९.५, गुण ७१२. ३००० : ११:२४, गुण ६७६. तीन हजारला दोघीच होत्या आणि दुसरी चौथ्या फेरीत थांबली, म्हणजे ती जवळजवळ एकटीच पळाली. पुढच्या वेळी तिच्यासोबत वेग धरायला एखादा मुलगा द्यायला हवा.

पंधराशे जिंकणारा भरतीचा पोरगा. दोन आठवड्यांपूर्वीची वरात त्याला झोंबली होती, यावेळी पहिल्या फेरीपासून पुढे. ८०० ची चित्रफीत तिघांनी वेगवेगळी मोजली, एका फ्रेमचा फरक. चषकावर दोन नावं : ८०० ची मुलगी आणि १५०० चा मुलगा.

१३ जानेवारी, मंगळवार

आठशेवाल्याच्या वडिलांचा फोन. त्यांनी घरी टक्केवारी काढली : त्यांचा मुलगा विक्रमाच्या २२.८ टक्के मागे, पंधराशेवाला २४.४. त्यांचं गणित बरोबर आहे आणि त्या पद्धतीने चषक त्यांच्या घरी गेला असता. मी त्यांना १४ डिसेंबरच्या कागदाचा फोटो पाठवला. त्यावर त्यांनी फोन ठेवला नाही, दुसरा मुद्दा काढला : "माझा सोळा वर्षांचा आहे, तो बावीसचा. तुमच्या तक्त्यात वय कुठे आहे?"

कुठेच नाही. तक्ता वय बघत नाही. सरांशी बोललो. पुढच्या हंगामात अठराखालच्यांचं वेगळं नाव चषकावर येईल आणि तेही डिसेंबरच्या आधी फलकावर लागेल. चार-चार महिने चषक तीन घरांत फिरेल, तेव्हा त्याचं झाकण हरवणार हे आत्ताच लिहून ठेवतो.

खर्च : टेप बाराशे, फक्की साडेपाचशे, दोन स्टॉपवॉच आठशे, पाटी ऐंशी, चहा-केळी वेगळी. शीटमधली सूत्रं वर दिलेलीच आहेत. वेळ सेकंदांत टाका, मिनिटांत टाकली की सगळेच विश्वविक्रम मोडतात.